गेम आर्टमध्ये मास्टर्स करावं का? एनआयडी, यूके की घरी बसून पोर्टफोलिओ?

पंचगंगा_९८

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितोय.

माझं बीएफए झालंय, अप्लाइड आर्ट, कोल्हापुरातून. त्यानंतर पुण्यात एका मोबाईल गेम कंपनीत टूडी आर्टिस्ट म्हणून लागलो. काम म्हणजे रमीची टेबलं, लुडोच्या सोंगट्या, नाणी उधळतायत असे पॉपअप आणि दिवाळी-गणपतीला त्याच स्क्रीनला वेगळा साज. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला, कंपनीचा मुख्य धंदाच बंद झाला आणि आमची अर्धीअधिक आर्ट टीम घरी. तेव्हापासून फ्रीलान्स करतोय, लग्नाच्या पत्रिकेपासून यूट्यूबच्या थंबनेलपर्यंत जे मिळेल ते.

पण मला मनापासून करायचंय ते एन्व्हायर्नमेंट आर्ट, म्हणजे गेममधल्या जागा, इमारती, परिसर, तेही थ्रीडीत. मॉडेल करायचं ब्लेंडर स्वतः शिकलोय, टेक्स्चर रंगवायचं सब्स्टन्स पेंटर बरं जमतं, अनरियल या गेम इंजिनमध्ये सीन उभा करून लायटिंग करता येतं पण कुठेतरी अडकलोय असं वाटतं. माझं काम आर्टस्टेशन या पोर्टफोलिओच्या साइटवर टाकलं की लाइक येतात, नोकरीचा मेल येत नाही. चुकतंय कुठे ते सांगणारं आजूबाजूला कुणी नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. म्हणून मास्टर्सचा विचार.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक म्हणजे एनआयडीचं (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) डिजिटल गेम डिझाइन. दुसरं यूकेमध्ये एक वर्षाचं मास्टर्स, तिथे गेम आर्टचे बरेच कोर्स दिसतात. तिसरं म्हणजे कुठेच न जाता वर्षभर घरी बसून पोर्टफोलिओ. वडील गडहिंग्लजला प्राथमिक शिक्षक होते, आत्ताच रिटायर झालेत. ते म्हणतात कर्ज काढू, काळजी करू नको, पण काळजी वाटतेच. वय २७.

या लाइनमधल्या कुणी खरं खरं सांगाल का, की मास्टर्सचा उपयोग होतो का आणि झालाच तर नेमका कशाचा?

लोपॉली

पुण्यातच आहे, आउटसोर्सिंग स्टुडिओत एन्व्हायर्नमेंट टीम बघतो, नवीन मुलांचे पोर्टफोलिओ माझ्याकडे येतात म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी करून घे. तू पर्याय लिहिलेस त्यात गेम आर्ट आणि गेम डिझाइन एकाच ओळीत बसवलंयस. हे दोन वेगळे व्यवसाय आहेत रे. डिझाइनवाला ठरवतो की खेळाडू इथून उडी मारेल, तिथे अडकेल, या दाराची किल्ली त्या खोलीत असेल, नियम काय, बक्षीस काय, कंटाळा कधी येतो. आर्टवाला ते दार बनवतो. एनआयडीच्या कोर्सच्या नावातच डिझाइन आहे आणि ते उगाच नाहीये. तुला दार बनवायचंय की किल्ली कुठे ठेवायची ते ठरवायचंय, हे आधी स्वतःला विचार, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

आता डिग्रीचं. आमच्याकडे आर्टिस्ट घेताना डिग्री कुणी विचारत नाही. पोर्टफोलिओ बघतो, मग आर्ट टेस्ट देतो, मग एक गप्पा मारल्यासारखा इंटरव्ह्यू. पोर्टफोलिओला मी पहिल्यांदा एक-दोन मिनिटं देतो, त्यात जर शेवटच्या रेंडरच्या सुंदर इमेजेसच असतील आणि वायरफ्रेम (मॉडेलची नुसती जाळी) नसेल, टेक्स्चर शीट उघडून दाखवली नसेल, तर मला काहीच कळत नाही की या मुलाला काय येतं. रेंडर सुंदर करायला लाइटिंग पुरतं. मला बघायचं असतं की टोपॉलॉजी, म्हणजे त्या जाळीची रचना, कशी आहे, टेक्स्चर बसवायला पृष्ठभाग सपाट उलगडतात ते यूव्ही नीट उलगडलेत का, एकाच सीनमधल्या दोन वस्तूंची टेक्सेल डेन्सिटी, म्हणजे मीटरमागे टेक्स्चरचे पिक्सेल, जुळते का. म्हणजे भिंत धूसर आणि तिच्यावरचा खिळा एकदम स्पष्ट असं दिसलं की लगेच समजतं, इथे अजून शिकायचं बाकी आहे.

मास्टर्स केलेली मुलं येतात त्यांच्यात एक फरक मात्र नक्की दिसतो. ती दुसऱ्यांबरोबर काम करून आलेली असतात. फाइलची नावं नीट ठेवतात, परफोर्समध्ये (टीमच्या फाइल एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) चेकइन करताना दुसऱ्याचं काम उडवत नाहीत, प्रोग्रामरने सांगितलं की हे जड होतंय तर रुसून बसत नाहीत. घरी एकट्याने शिकलेल्या मुलाला हे शिकवायला आम्हाला काही महिने जातात. म्हणून मास्टर्सचा उपयोग विचारलास तर माझं उत्तर हे आहे की टीममध्ये गेम पूर्ण करायचा अनुभव. सॉफ्टवेअर शिकायला म्हणून कुणी मास्टर्सला जाऊ नये, ते इंटरनेटवर आहे सगळं.

आणि बाजाराचंही सांगतो. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर या व्हीएफएक्स-ॲनिमेशन कंपनीचं भारतातलं काम बंद पडलं तेव्हा बंगळुरूत खूप अनुभवी लोक एकदम मोकळे झाले. बाहेर तर २०२३ पासून कपात चालूच आहे, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये एका फटक्यात गेमिंगमधली १९०० माणसं काढली. त्यामुळे फ्रेशरसाठी जागा आहेत पण तुझ्याशी स्पर्धा करणारा पाच वर्षं काम केलेलाही असू शकतो. घाबरवत नाहीये, कर्जाचा आकडा ठरवताना हे डोक्यात असू दे.

डंडीकर

मी यूकेमध्ये मास्टर्स केलंय, डंडीला, ॲबर्टे युनिव्हर्सिटीत, आता इथेच थ्रीडी आर्टिस्ट आहे. मूळची नाशिकची.

लोपॉलीदादांनी टीमचं लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन, त्यावरच थोडं सविस्तर लिहिते कारण कोर्स निवडताना हेच बघायचं असतं आणि वेबसाइटवर ते ठळक दिसत नाही.

डंडी हे स्कॉटलंडमधलं छोटं शहर आहे, नकाशात शोधावं लागेल असं, पण गेम्सच्या जगात त्याला मान आहे. लेमिंग्ज हा गेम इथे बनला, पहिला ग्रँड थेफ्ट ऑटो इथल्याच डीएमए डिझाइनने केला, तो १९९७ साली आला. आणि त्याच वर्षी ॲबर्टेने कॉम्प्युटर गेम्सची डिग्री सुरू केली, जगातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. गावात लहान लहान स्टुडिओ आहेत, कॉफी प्यायला गेलं तरी शेजारच्या टेबलावर कुणीतरी शेडरबद्दल बोलत असतं. हे वातावरण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, म्हणून कोर्स निवडताना त्या गावात स्टुडिओ किती आहेत हे जरूर बघ.

तिथलं मास्टर्स टीमवर चालतं. आर्टिस्ट, प्रोग्रामर, डिझाइनर, साउंडवाले असे एकत्र येतात आणि मिळून गेम बनवतात. मला पहिल्यांदा जे जड गेलं ते सांगते. मी एक सुंदर दगडी पूल बनवला होता, शेवाळ, झिजलेल्या कडा, सगळं. आमच्या डिझाइनरने खेळून बघितला आणि म्हणाला की खेळाडूला कळतच नाहीये की या पुलावरून जायचंय, सगळ्यात उजेड बाजूच्या झाडावर पडलाय. पूल मोडला नाही, फक्त झाड गडद केलं, पुलाच्या टोकाला एक दिवा ठेवला आणि दगडांचा रंग एक छटा उबदार केला. लगेच सगळे खेळाडू पुलावरून जायला लागले. हे घरी एकटीने बसून मला कधीच समजलं नसतं, कारण घरी माझा सीन कुणी खेळत नाही, फक्त बघतं.

तर पंचगंगा, कोणत्याही कोर्सचं पान उघडशील तेव्हा हे शोध: आर्ट आणि प्रोग्रामिंगची मुलं एकत्र प्रोजेक्ट करतात का की आर्टवाले एका इमारतीत आणि कोडवाले दुसऱ्या. गेल्या वर्षीच्या मुलांनी शेवटी काय बनवलं ते डाउनलोड करून खेळता येतं का. येत असेल तर खेळच, अर्ध्या तासात त्या कोर्सची पातळी कळते. आणि तिथल्या माजी विद्यार्थ्यांना लिंक्डइनवर सरळ मेसेज कर, आमच्यातले बहुतेक जण उत्तर देतात.

अमेरिकेत हीच पद्धत जास्त पक्की आहे. ऑर्लँडोला फिएआ म्हणून आहे, सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचं, १६ महिन्यांचा कोर्स, अर्ज करतानाच आर्ट, प्रोग्रामिंग की प्रोडक्शन ते सांगायचं. डॅलसकडे एसएमयू गिल्डहॉल, तिथेही असेच ट्रॅक. युटामध्ये तर टेक्निकल आर्ट वेगळा ट्रॅक आहे. पैशाचं गणित मात्र अमेरिकेचं फार वेगळं आहे, ते इथे कुणी हिशोबी माणूस असेल तर सांगेल.

हिशेबनीस

हाक मारलीत म्हणून आलो. मी गेम्समधला नाही, पण धाकटा भाऊ यूकेला गेला तेव्हा सगळे कागद मीच केले आणि आता नात्यातल्या दर दुसऱ्या मुलाचे करतो.

यूकेची फी गेम आर्टसारख्या कोर्सला साधारण १५ ते २५ हजार पौंड, युनिव्हर्सिटीप्रमाणे. त्यावर राहणं-खाणं, विमान, व्हिसा, आणि वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज जो व्हिसाबरोबरच भरावा लागतो आणि बरेच लोक बजेटमध्ये धरत नाहीत. एक वर्षात आटोपतं हा यूकेचा मोठा फायदा.

पण आता महत्त्वाचं ऐक. कोर्स संपल्यावर तिथे राहून काम करायला जो ग्रॅज्युएट रूट व्हिसा मिळतो तो आत्तापर्यंत २ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून जे त्यासाठी अर्ज करतील त्यांना १८ महिनेच मिळणार. तू आता तयारी करून जाणार म्हणजे तुला १८ महिनेच धरायचे. त्या १८ महिन्यांत स्पॉन्सर करणारी कंपनी शोधायची. आणि कंपनीने स्पॉन्सर करायच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची पायरी जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झालीय, नवीन पदवीधरांना सवलत धरून ३३,४०० पौंड. आता डंडीकर ताईंना विचार, ज्युनिअर आर्टिस्टला सुरुवातीला किती मिळतात. माझ्या माहितीप्रमाणे बऱ्याच ठिकाणी या सवलतीच्या आकड्याच्याही खाली.

म्हणजे कर्जाचं गणित यूकेतल्या पगारावर मांडू नकोस. परत पुण्यात येऊन पुण्याच्या पगारात हप्ता भरता येईल का, हे कागदावर मांड आणि येत असेल तरच सही कर. वडील रिटायर आहेत हे विसरू नको. सरकारी बँका साडेसात लाखाच्या वर साधारणपणे तारण मागतात, तेव्हा घर किंवा शेत गहाण पडणार असेल तर घरच्यांना ते सरळ शब्दांत सांग, "कर्ज काढू" या दोन शब्दांत ते येत नाही.

स्कॉलरशिप बघ नक्की. जे. एन. टाटा एन्डाउमेंट आणि के. सी. महिंद्रा हे दोन्ही मुंबईतून चालतात, कर्जरूपाने देतात पण अटी बँकेपेक्षा खूप सौम्य. शेवनिंग या यूके सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तुझा भरत असेल तर अर्ज करच, ते पूर्ण खर्च देतात. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीत बसत असशील तर एक मेख लक्षात ठेव. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला क्यूएस रँकिंगमध्ये पहिल्या २०० मधली युनिव्हर्सिटी लागते, आणि गेम्ससाठी जी नावाजलेली आहेत, ॲबर्टे किंवा हर्टफर्डशायर, ती त्या २०० मध्ये नाहीत. हा मुद्दा सरकारने कधीतरी बघायला हवा असं मला फार वाटतं. कलेच्या आणि डिझाइनच्या मुलांवर यात सरळ अन्याय होतो, कारण चांगली कला-महाविद्यालयं त्या रँकिंगच्या चौकटीत मुळातच बसत नाहीत.

अमेरिकेत ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, १२ महिने, आणि कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरलेला असेल तर वर २४ महिने. एकाच विषयाचा कोर्स एका ठिकाणी स्टेम असतो, दुसरीकडे नसतो. अर्ज करण्याआधी युनिव्हर्सिटीला मेल करून कोर्सचा सीआयपी कोड (कोर्स कुठल्या विषयात धरलाय तो क्रमांक) विचारून घ्यायचा, लेखी.

सारीपाट

एनआयडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी तिथल्या गेम डिझाइनवाल्यांबरोबर काम केलंय, स्वतः डिझाइनमध्ये आहे.

हा कोर्स बंगळुरूच्या कॅम्पसला आहे, अहमदाबादला नाही, हे आधी सांगते कारण बरेच जण अहमदाबाद समजून चालतात. एम.डेस. (मास्टर ऑफ डिझाइन) आहे, प्रवेश एनआयडीच्या डॅट या परीक्षेने, आधी प्रिलिम्स, मग मेन्स ज्यात स्टुडिओ टेस्ट आणि इंटरव्ह्यू. आयआयटी मुंबईच्या आयडीसीसाठी, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागासाठी, सीड द्यावी लागते, ती वेगळी परीक्षा, तिथे ॲनिमेशनचं एम.डेस. आहे. दोन्हीची तयारी बरीचशी एकच होते. तुझं अप्लाइड आर्ट झालंय, हाताने चित्र काढायचा सराव आहे, त्याचा तुला सीडच्या दुसऱ्या भागात आणि डॅटमध्ये दोन्हीकडे चांगला उपयोग होईल. इंजिनिअरिंग करून येणारी मुलं तिथेच अडखळतात.

पण लोपॉली म्हणतात ते खरं आहे, तिथे तुला कुणी झेडब्रश या सॉफ्टवेअरमध्ये दगड कोरायला बसवणार नाही. तिथला भर खेळ म्हणजे काय यावर. कागदावर, पुठ्ठ्यावर खेळ बनवायचे, अनोळखी माणसांना खेळायला द्यायचे, गप्प बसून बघायचं, वहीत लिहायचं. आपल्याकडच्या खेळांवर विचार करायला जागा मिळते हे मला खूप मोलाचं वाटतं. सारीपाट घ्या, ज्ञानेश्वरांच्या नावाने ओळखला जाणारा मोक्षपट, म्हणजे सापशिडीचं जुनं रूप, घ्या, काचकवड्या घ्या. सापशिडीत आपण निर्णय घेत नाही, फाशावर चालतो, सारीपाटात फासे आणि आपली चाल दोन्ही असतात, तर या दोन खेळांत खेळणाऱ्याच्या मनात काय वेगळं घडतं यावर आठवडाभर बोलता येतं. ज्याला यात रस आहे त्याने जरूर जावं. ज्याला फक्त भिंती, दरवाजे आणि दगड सुंदर करायचेत त्याचं तिथे मन रमणार नाही आणि वर्षं जातील.

मुंबईत आयआयसीटी ही संस्था नवीन सुरू झालीय, केंद्र सरकारच्या पुढाकाराने, ॲनिमेशन-व्हीएफएक्स-गेमिंगसाठी, सध्या पेडर रोडला एनएफडीसीच्या जागेत. नवीन आहे, त्यामुळे जाऊन प्रत्यक्ष बघ, शिकवणारे कोण आहेत आणि त्यांनी स्वतः कुठले गेम शिप केलेत ते विचार. हा प्रश्न खरं तर कुठल्याही संस्थेत विचारावा. पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली ज्या ॲकॅडमी निघाल्यात, शंभर टक्के प्लेसमेंटचे बोर्ड लावून, तिथे तर आधी हाच विचारावा.

पंचगंगा_९८

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी सांगितलंच नव्हतं.

सारीपाट ताई, तुमचं वाचून एनआयडीबद्दल आदर वाढला पण हेही कळलं की ते माझं नाही. मला दार बनवायचंय. किल्लीचं दुसरं कुणीतरी ठरवू दे.

हिशेबनीस दादा, काल रात्री वडिलांबरोबर बसून कागदावर मांडलं. पुण्याच्या पगारात पूर्ण कर्जाचा हप्ता जड जातो, स्कॉलरशिप मिळाली तर निभावतं. म्हणून ठरवलंय की यावर्षी अर्ज करायचे नाहीत, पुढच्या वर्षी शेवनिंग आणि टाटा दोन्हीकडे करायचे, तोपर्यंत पोर्टफोलिओ.

आता लोपॉली दादा, तुम्हाला एक विचारतो. पोर्टफोलिओसाठी एकच मोठा सीन करायचा म्हटलं तर काय करू? सगळे सायबरपंकच्या गल्ल्या आणि जपानी दुकानं करतात, मलाही तेच सुचतं. आणि दुसरं, ही एआयची चित्रं बघून धास्ती वाटते, यात उतरण्यात अर्थ आहे का अजून?

लोपॉली

वाडा कर.

खरंच सांगतोय. जपानी दुकान मी महिन्याला ढीगभर बघतो, आणि बनवणाऱ्याने ते दुकान फोटोतच पाहिलेलं असतं त्यामुळे सगळी सारखी दिसतात. तू वाड्यात उभा राहून हात लावून बघू शकतोस. पुण्याला आलास की विश्रामबागवाड्यात जा, मोबाईलवर फोटो काढ पण सोबत टेपही ने. खांबाचा घेर मोज, पायरीची उंची मोज. रेफरन्स म्हणजे नुसते सुंदर फोटो नव्हेत, मापंही.

आता कसं करायचं ते. अख्खा वाडा करू नको, एक चौक आणि त्याच्या दोन बाजूंची ओसरी, बास. अनरियलमध्ये १ युनिट म्हणजे १ सेंटिमीटर, तेव्हा आधी साध्या ठोकळ्यांनी ब्लॉकआउट, म्हणजे कच्ची मांडणी, कर आणि त्यात माणसाच्या उंचीचं कॅरेक्टर चालवून बघ. इथे घाई करू नको. प्रमाण चुकलं की पुढचं कितीही कोरीव काम केलंस तरी ते बाहुलीचं घर वाटतं.

मग त्याचे मॉड्यूल, म्हणजे पुन्हापुन्हा वापरता येतील असे तुकडे, पाड. दगडी जोतं, तळखडा, सुरूचा खांब, वरचं केळफूल, दोन खांबांमधली महिरप, तुळई, कडीपाट, मागची चुन्याची भिंत, एक दार. एवढ्या आठ-नऊ तुकड्यांत सगळा चौक उभा राहतो. लाकडाच्या सगळ्या कोरीव पट्ट्या एकाच ट्रिम शीटवर बसव. म्हणजे काय की एक चौकोनी टेक्स्चर घ्यायचं, त्यात आडव्या पट्ट्या पाडायच्या, एकीवर साधी सागाची रेघ, एकीवर पानांची वेल, एकीवर दातेरी नक्षी, आणि तुळई असो की दाराची चौकट, तिचे यूव्ही त्या त्या पट्टीवर नेऊन ठेवायचे. एका टेक्स्चरमध्ये वाड्याचं अर्ध्याहून जास्त लाकूड निघतं आणि ते बघून माझ्यासारख्याला लगेच कळतं की या मुलाला स्टुडिओचं काम समजलंय. टेक्सेल डेन्सिटी सगळीकडे एक ठेव, मीटरला ५१२ पिक्सेल धर, जवळून दिसणाऱ्या खांबाला हवं तर दुप्पट.

अनरियलमध्ये नॅनाइट (कोट्यवधी पॉलिगॉन पेलणारी सोय) आल्यापासून मुलं म्हणतात आता लो पॉली, म्हणजे कमी पॉलिगॉनचं मॉडेल, कशाला, टाका कोट्यवधी पॉलिगॉन. टेस्टमध्ये आजही आम्ही हाय पॉलीवरून नॉर्मल मॅप बेक करायला, म्हणजे त्यातले बारकावे हलक्या मॉडेलच्या टेक्स्चरमध्ये उतरवायला लावतो, कारण मोबाईल, निन्टेंडो स्विच, जुने कन्सोल हे सगळं आहेच. केळफुलाचं एक तरी नीट बेक करून दाखव, वायरफ्रेमसकट.

आणि शेवटी झीज. हे सगळ्यात मजेचं. चुन्याची भिंत खालून ओल धरते, हातभर उंचीपर्यंत, तिथे पोपडे निघतात आणि आतली वीट दिसते. खांब माणसाच्या खांद्याच्या उंचीला गुळगुळीत आणि गडद असतो कारण पिढ्यानपिढ्या लोक तिथे टेकून उभे राहिलेत. जोत्याच्या दगडाची कड मधेच झिजलेली असते, कोपऱ्यात नाही, कारण चढणारा माणूस मधूनच चढतो. व्हर्टेक्स पेंटने (जाळीच्या बिंदूंवर रंग भरून) कर हे. इथे तुझ्या एआयच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर आहे. एआय झिजलेल्या खांबाचं चित्र देईल, पण माझ्या टीममध्ये मला तो माणूस लागतो ज्याला माहितीय की झीज नेमकी इथे का आली, आणि जो ते मॉड्यूल स्वच्छ यूव्हीसकट इंजिनमध्ये बसवून देईल. काम बदलतंय हे खरं, कॉन्सेप्टवाल्या मुलांना त्याची झळ जास्त बसतेय हेही खरं. थ्रीडी प्रोडक्शनमध्ये अजून माणूस लागतोय.

सारीपाट

वाड्याला माझ्याकडून +१. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' नावाचा गेम केला, २०२० साली आला, पहाडी लघुचित्रांच्या रंगांवरून त्याची आर्ट स्टाइल बांधलीय, टेक्स्चरं हाताने रंगवल्यासारखी. छोटी टीम होती. तो गेम खेळ आणि खेळताना थांबून भिंती बघ. रिअलिस्टिकच करायला पाहिजे असं काही नाही, तुझा अप्लाइड आर्टचा हात आहे, वाडा चित्रासारखाही रंगवता येईल.

गावठाण

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. मास्टर्स अजिबातच करू नये असं मला वाटतं. मी बारावीनंतर कुठलीही डिग्री न घेता या क्षेत्रात आलो, गेम जॅममध्ये भाग घेऊन. दर जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो, एका वीकेंडमध्ये अनोळखी लोकांबरोबर गेम बनवायचा. तुम्ही सगळे टीमवर्क टीमवर्क म्हणताय ते तिथे फुकटात मिळतं. दोन-चार जॅम केले की ओळखी होतात, त्यातूनच कामं येतात. २५-३० लाख घालून जे शिकायचं ते हेच असेल तर ते पैसे वाचवा. चांगला पीसी घ्या, उरलेल्या पैशात दोन वर्षं निवांत काम करा.

डंडीकर

गावठाण, जॅमचं अगदी बरोबर, पंचगंगाने ते केलेच पाहिजेत. पण जॅम ४८ तासांत संपतो. त्यात सगळे उत्साहात असतात. गेम सातव्या महिन्यात काय होतो ते तिथे समजत नाही, जेव्हा अर्धं काम कापून टाकावं लागतं, दोघांचं पटत नसतं आणि तरी सोमवारी बिल्ड द्यायची असते. ते शिकायला एकतर नोकरी लागते नाहीतर मास्टर्स. नोकरी आधी मिळाली तर मास्टर्स सोड, हे मी स्वतः मास्टर्स करूनही म्हणते. पंचगंगाची अडचण हीच आहे ना की नोकरीच्या दारापर्यंत पोचायला कमी काय पडतंय हे सांगणारं कुणी नाही.

पगाराचं हिशेबनीस दादांनी विचारलं होतं. हो, ज्युनिअर आर्टिस्टचा सुरुवातीचा पगार इथे त्या ३३,४०० च्या खालीच असतो बऱ्याचदा, लंडनबाहेर तर नक्कीच. माझ्या बॅचमधले काही जण त्यामुळे परत गेले, बंगळुरूला चांगल्या ठिकाणी लागले. परत जाणं म्हणजे हरणं नाही पण कर्ज पौंडातल्या पगाराच्या भरवशावर काढलं असेल तर फार ओढाताण होते, ती मी जवळून बघितलीय.

पंचगंगा_९८

दादा, वाडा फायनल. शनिवारी विश्रामबागवाड्यात जातोय टेप घेऊन. एक शंका, चौकात तुळशीवृंदावन ठेवलं तर ते हीरो ॲसेट (सीनमधली मुख्य वस्तू) म्हणून चालेल का की खांबालाच हीरो करू? आणि ब्लॉकआउट इथेच टाकला तर बघाल का?

लोपॉली

वृंदावनच हीरो कर, चौकात मधोमध येतं त्यामुळे नजर आपोआप जाते, आणि दगड, चुना, माती, झाड असे चार मटेरियल एकाच वस्तूत दाखवता येतात. तुळशीच्या पानांना अल्फा कार्ड (पानांचं चित्र लावलेले सपाट पारदर्शक तुकडे) वापर, पण कार्ड एकमेकांवर फार चढवू नको, ओव्हरड्रॉ वाढतो, म्हणजे तेच पिक्सेल पुन्हापुन्हा काढावे लागतात. ब्लॉकआउट टाक इथेच, ग्रे शेडमध्ये, टेक्स्चर लावून आणू नको. माणसाच्या उंचीवरून तीन कॅमेरे आणि एक वरून. मी बघतो, डंडीकर ताईही बघतील.

डंडीकर

बघणार. आणि त्यात चालता येईल अशी छोटी बिल्ड पण दे, नुसते स्क्रीनशॉट नको. ओसरीवरून चौकात उतरताना डोकं महिरपीला लागतं का ते खेळूनच कळतं.